पाकिटांवरची नावं

कॉर्व्हॅलिसला फेब्रुवारीत सूर्य म्हणजे अफवा.
तळघरातल्या संग्रहात मी आणि एक घरघरणारं यंत्र,
दोघं दिवसभर हवेतली ओल पीत बसतो.

ड्रॉवर ओढला की लसणाच्या वासाची नुसती आठवण.
व्हर्ना हाल्वरसननं बावन्न वर्षांपूर्वी उकरलेले ट्रफल
सुकून जायफळाएवढे झालेत,
आणि पाकिटावर पेन्सिलीनं तिचं तिरकं अक्षर:
डग्लस फरखाली, पायवाटेच्या डावीकडे, वीतभर खोल.
अंड्यांत घातला. हॅरल्डला आवडला नाही.

तिच्यासाठी पांढरे सगळे एकच, ट्युबर गिबोसम.
पुढे कुणी बीजाणू नीट पाहिले, डीएनए वाचला
आणि एका नावाच्या घरातून चार बिऱ्हाडं निघाली.
माझं काम एवढंच:
जुनं नाव न खोडता खाली नवी चिठ्ठी चिकटवायची.
खोडायचं नाही, हा इथला नियम.
चुकीलाही तारीख असते.

काळ्याची गोष्ट निराळी.
हातात घ्या, ट्रफलच. वास मात्र अननसाचा,
बीजाणू गुळगुळीत, लिंबासारखे दोन्ही टोकांना निमुळते.
वंशवृक्ष काढला तर हा गुच्छीच्या घरचा निघाला.
ती जाळीदार टोपी घालून उजेडात उभी,
हा तिचा भाऊबंद, मातीत तोंड खुपसून.

म्हणजे खाली उतरायची वाट
कुणा एका पूर्वजानं घालून दिलेली नव्हती.
कितीतरी कुळं आपापल्या काळात
वाऱ्यावरचा भरवसा सोडून खाली गेली,
आणि खाली गेल्यावर
सगळ्यांचेच चेहरे बटाट्याचे झाले.

वर्ग, गण, कुळ, प्रजाती, जाती.
भंडाऱ्याच्या शाळेत बाई फळ्यावर लिहायच्या.
शेवटच्या शब्दाला मागच्या बाकावर खसखस पिकायची.
ती माझ्याकडे बघून, हे मला पुढच्या वर्षी कळलं.

मागच्या महिन्यात पोर्टलंडला एका घरी जेवायला गेले.
आमटी वाढता वाढता काकांनी विचारलं,
पूर्ण नाव काय म्हणालात?
सांगितलं. आडनाव गावावरून पडलेलं, हाती काही न देणारं.
मूळ गाव? तालुका कुठला? वडील कशात होते?
नाकपुड्या फुलल्या होत्या त्यांच्या, अगदी हलक्या.
आमटी चांगली होती. मी दुसऱ्यांदा घेतली नाही.

शनिवारी मारिसोलबरोबर रानात जाते.
तिची कुत्री टॅन्सी एका डोळ्यानं आंधळी.
ती सुया-पानांवरून नाक फिरवते, थांबते, पंजा ठेवते.
कच्च्यावर कधी नाही. पिकलेल्यावरच.
चारातला कोणता, हे तिला विचारून उपयोग नाही,
ते मलाच बघायचंय, सोमवारी, काचेखाली.
आणि खरं सांगते, मला ते बघायला आवडतं.
कोण कुणाचं, किती दुरून, कुठे फाटा फुटला.
त्यात कुणी कुणाच्या वर नसतं.
झाडाला फांद्या असतात, पायऱ्या नसतात.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली,
आमच्या टेकोड्यांच्या तीनच जाती:
खायचे, मारणारे,
आणि ज्यांचं वारूळ कुणाला दाखवायचं नाही ते.

आज एक पाकीट अडलंय.
जाळी गिबोसमची वाटते, साल वाटत नाही,
आणि डीएनए इतका जुना की तो बोलतच नाही.
चिठ्ठीवर लिहिलं: ट्युबर. जाती अनिश्चित.
लिहून बराच वेळ त्या शब्दांकडे बघत राहिले.
कुणी इतकं निवांत सोडलं नव्हतं कुणाला.

मग शनिवारचा, टॅन्सीनं काढून दिलेला, नोंदवला.
क्रमांक, तारीख, फरचं झाड, ओढ्याच्या उजवीकडे.
अर्धा पाकिटात गेला.
खाली पेन्सिलीनं, व्हर्नाला कळावं म्हणून:
उरलेला अंड्यांत घातला. मला आवडला.